एकसष्ट किलोचा नवस

पारडं हललंच नाही.

एका पारड्यात मापाडी अण्णा मांडी घालून बसले होते. डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार. दुसऱ्या पारड्यात दहा-दहा किलोच्या गुळाच्या सहा ढेपा आणि त्यांच्यावर एक किलोची एक धाकटी ढेप. हॉस्पिटलातून सोडताना अण्णांच्या कार्डावर वजन लिहिलं होतं एकसष्ट, म्हणून गूळही एकसष्ट किलो. हलगीवाला थांबला होता, साठ-सत्तर माणसांचे हात टाळीसाठी वर गेलेले होते, आणि अण्णांचं पारडं धुळोबाच्या देवळातल्या फरशीवर गच्च बसलेलं होतं.

"वर या की, अण्णा," मागून कुणीतरी म्हणालं, जसं काही अण्णाच हट्टानं खाली बसले होते.

सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू?

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरपासून अठ्ठावीस किलोमीटरवर शिंगणोली नावाचं गाव, गाव कसलं, गुऱ्हाळांचा तळच. तिथल्या आरोग्य केंद्रात उभ्या असणाऱ्या अँब्युलन्सवर मी डॉक्टर होते. नोकरीला लागून चार महिने झाले होते. ड्रायव्हर होते मुजावरमामा, त्यांना वीस वर्षं झाली होती, त्यामुळे गाडी ते चालवायचे आणि बहुतेक वेळा मलाही.

कृष्णात चौगले यांना सगळं गाव मापाडी अण्णा म्हणायचं. अडतीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात गूळ मोजला. अण्णांनी काटा धरला की शेतकरीही गप्प आणि व्यापारीही गप्प. यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा जुना लोखंडी तराजू अण्णांनी घरी आणला आणि देवळाच्या तुळईला टांगून धुळोबाला वाहिला. मग त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. कोल्हापुरात मोठं ऑपरेशन झालं, बायपास झाली, एक झडप बदलली, आणि रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घेऊन अण्णा घरी आले. ऑपरेशन चालू असताना अक्काताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून नवस बोलला होता: माणूस जिता परत आला तर त्याच्याच काट्यावर त्याची गूळतुला करीन.

माणूस परत आला. बाराव्या दिवशी तुला ठरली. अण्णांचे जावई सर्जेराव आरोग्य केंद्रात येऊन म्हणाले, "मॅडम, अँब्युलन्स देवळाम्होरं उभी करा. जवळ असल्याली बरी." मला त्यांचं कौतुक वाटलं. देवळासमोर पोचल्यावर त्यांनी अँब्युलन्सला हार घातला, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि पाहुण्यांना तिच्यापुढे उभं करून फोटो काढायला सुरुवात केली. तेव्हा कौतुक जरा कमी झालं.

तर पारडं हलेना.

"गूळ कमी हाय," कुणीतरी म्हणालं.

हे वाक्य शिंगणोलीत कुणाच्या आईवरून शिवी देण्यापेक्षा वाईट. गूळ बाळगोंडा पाटलांच्या गुऱ्हाळातला होता. सहा फुटी माणूस, मिशा खाली आलेल्या. ते पुढे झाले.

"कोण बोललं? म्होरं या. धुळोबाच्या दारात हुबा हाय मी. एक ढेप एक तोळा कमी निघाली तर मिशा काढीन."

"मग पारडं का उचलंना?"

"कारण गडी सुधारलाय!" अक्काताईंच्या बहिणीनं उत्तर दिलं. "जरा बगा की तोंड कसं भरलंय. आमच्या अक्कानं बारा दिस तूप-भात चारलाय."

अक्काताई लाजल्या. चार बायकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पण पुरुषांच्या बाजूला हिशेबी डोकी होती. बारा दिवसांत तुपानं माणूस इतका वाढत नाही, म्हैससुद्धा वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. देवळात उभे दोन पक्ष झाले, एक तुपाचा आणि एक गुळाचा. तूपवाल्यांना अक्काताईंची अब्रू राखायची होती, गूळवाल्यांना बाळगोंडांची काढायची होती. सदा गुरव, म्हणजे देवळाचे पुजारी, दोन्हीकडे हात जोडत फिरत होते. कुणी म्हणालं अण्णांचा फेटा काढा, त्याचंच वजन आहे. फेटा काढला. हार काढला. कमरेचा करगोटा काढायची सूचनाही आली. पारडं तसंच.

या गोंधळात अण्णा बोलले. त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, मी अगदी शेजारी उभी होते म्हणून मला गेला.

"गूळ बरोबर हाय." श्वास. "काटा बी बरोबर हाय." श्वास. "मीच जास्त हाय."

एवढंसं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. तेव्हा माझं हसू गेलं.

मी गुडघ्यावर बसले. पाय मांडीखाली होते, ते ओढून बाहेर काढले. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि पडूनच राहिला. मानेच्या शिरा करंगळीएवढ्या फुगलेल्या. ओठ जांभळट. नाडी धरली तर अण्णा श्वास आत घेत की ती बोटाखालून निसटायची, सोडत की परत यायची. रक्तदाब चौऱ्याऐंशी. छातीला नळी लावली. टाक्यांच्या रेघेशेजारी ठोके इतके लांबून येत होते, जसं शेजारच्या घरात कुणी मिरची कांडत असावं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, माणसात पहिल्यांदा बघत होते. हृदयाभोवती एक पिशवी असते. हृदयाच्या ऑपरेशननंतर, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असली की, कधीकधी त्या पिशवीत हळूहळू रक्त झिरपतं. पिशवी भरत जाते, हृदयाला फुगायला जागाच राहत नाही, आणि मागं सगळ्या अंगात पाणी तुंबतं. अण्णा सुधारले नव्हते. अण्णा बुडत होते, आणि त्यांना बाहेर काढायला एका सर्जनची सुई हवी होती, अठ्ठावीस किलोमीटरवरची.

"अक्काताई, कार्ड द्या," मी म्हणाले. त्यांनी पिशवीतून काढून दिलं. कार्डाच्या मागे छापलेलं होतं: रोज सकाळी वजन करून लिहावे, दोन दिवसांत दोन किलो वाढल्यास त्वरित कळवावे. खाली बारा रकाने. बाराही कोरे.

"तुलेआधी माणूस दुसऱ्या काट्यावर चढला तर तुला उष्टी हुती, आसं गुरवानं सांगटलं," अक्काताई म्हणाल्या. "आन् डाक्टरीणबाई, तुमीच न्हवं का—"

"मुजावरमामा! स्ट्रेचर!" मी इतक्या जोरात ओरडले की हलगीवाल्यानं दचकून एक टिपरू मारलं.

तेवढ्यात सर्जेराव गर्दीतून घुसले. त्यांच्या बोटांत एक पांढरी गोळी होती. "सरका, सरका! हार्टची गोळी! जिभंखाली ठेवायची!" आणि मी हात आडवा घालायच्या आत त्यांनी सासऱ्यांच्या तोंडात ती कोंबली.

छातीत दुखणाऱ्या माणसाला ती गोळी वाचवते, हे आता पोरासोरांना माहीत आहे. पण ती रक्तदाब उतरवते, आणि अण्णांकडे उतरायला काही उरलंच नव्हतं. मी दोन बोटं सरळ अण्णांच्या तोंडात घातली आणि जिभेखालून गोळी उपटून काढली.

 सत्तरीच्या माणसाच्या तोंडात, भर तुलेत, देवासमोर, सव्वीस वर्षांच्या मुलीनं बोटं घातली होती.

"आता ह्यांना उचला," मी म्हणाले. "आत्ता."

कुणी हललं नाही. सदा गुरव अदबीनं पुढे आले. "मॅडम, माणूस पारड्यात बसला की पारडं सम झाल्याबिगर उठवत न्हाईत."

"ते मरतील गुरव."

"म्हणून तर. अर्धी तुला लई वाईट."

"मी नवस बोललोय हो," अक्काताई रडायला लागल्या. "देवानं जीव दिला. मी निम्म्यातनं उठीवला तर देव परत न्हेईल की."

आणि बाळगोंडा पाटील, पारड्यासमोर पाय रोवून: "माझं माप खरं ठरल्याबिगर अण्णा हितनं हलायचं न्हाईत. आज उठलं तर जल्मभर गाव म्हणंल, पाटलानं देवाच्या गुळात हात मारला."

मी वर पाहिलं. तुळई, लोखंडी दांडा, साखळ्या. कायद्यानं, शास्त्रानं, अधिकारानं मी इथे सगळ्यात मोठी होते, आणि माझ्या हातात काहीही नव्हतं. मुजावरमामा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आले. पारड्यात बसलेल्या अण्णांनाच मी मास्क लावला, हातात सुई घातली, सलाइन जोडलं. बाटली मामांनी उंच धरली. लगेच गुरव म्हणाले, "मॅडम, जरा बंद ठेवता का? पाणी आत चाललंय. वजन वाढतंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या तोंडात जे आलं होतं ते देवळात बोलता येण्यासारखं नव्हतं. पण त्या शहाण्या माणसानं नकळत मला वाट दाखवली होती.

"ऐका!" मी ओरडले. "पाटलांचा गूळ बरोबर आहे! एक तोळासुद्धा कमी नाही!"

बाळगोंडांची मान वर झाली.

"अण्णा एकसष्ट किलोचेच आहेत. वरचं सगळं पाणी आहे. अंगात साठलेलं पाणी. तूप नाही, मांस नाही, पाणी. हृदयाला फास बसलाय म्हणून साठलंय. पाटील, तुमचं माप खरं आणि माणसाचं माप खोटं आहे!"

बाळगोंडांना हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच. मग ते गर्रकन वळले आणि गावावर गरजले, "ऐकलं का रं? डाक्टर सांगत्यात! आता उचला त्यास्नी, बघत काय बसलाय! मेला माणूस तर मी एकेकाला बघून घेईन!"

पाटील फिरले तसे गूळवाले फिरले. उरल्या अक्काताई. त्यांनी पारड्याची साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"अक्काताई," मी म्हणाले, "अण्णांच्या अंगात एकसष्ट किलो माणूस आहे आणि बाकी पाणी आहे. मग त्या पारड्यात एकसष्ट किलो गूळ आहे ना? बाकी पाणी घाला. देवाला सगळं बरोब्बर पोचेल."

त्यांनी गुरवांकडे पाहिलं. सदा गुरवांनी डोळे मिटले. मनातली पोथी चाळून ते म्हणाले, "चालंल. पाणी बी देवाचंच."

दोघं जण धावत गाभाऱ्यातून तांब्याची घागर घेऊन आले, ती गुळावर ठेवली, आणि एकानं लिटरभर पाण्याचा तांब्या भरला. तेव्हा मास्कच्या आतून आवाज आला. अण्णांनी हात वर केला होता.

"घागरीचा..." श्वास. "धडा..." श्वास. "करा."

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"घागरीचं वजन गुळात नगं धराया," बाळगोंडांनी आदरानं सांगितलं. "रिकाम्या घागरीएवढं वजन हिकडच्या बाजूला ठिवायचं. मग पाणी मोजायचं. त्याशिवाय माप खरं न्हाई."

"आत्ता?"

"अण्णांनी सांगटलंय."

गाभाऱ्यात तशीच दुसरी घागर होती. ती आणली आणि ठेवायला जागा नाही म्हणून अण्णांच्या मांडीत दिली. चित्र असं होतं: मरायला टेकलेला माणूस तराजूत बसलाय, तोंडाला ऑक्सिजन, हाताला सलाइन, मांडीत रिकामी घागर, आणि नजर काट्यावर. अडतीस वर्षांत त्यांनी कधी खोटं माप होऊ दिलं नव्हतं, आणि शेवटचं असलं तरी होऊ देणार नव्हते. मला रडू येत होतं आणि सगळ्यांना एकेक मुस्काटात मारावीशीही वाटत होती.

पहिला तांब्या ओतला.

"लाभ," अण्णा म्हणाले. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"दोन."

"तीन." आता नुसते ओठ हलत होते. लोकांनी मोजणी उचलली. चार. पाच. सगळं देऊळ मोजत होतं, तूपवालेही आणि गूळवालेही. सहा. सातव्या तांब्याला अण्णांचं पारडं फरशीवरून बोटभर उचललं, हललं, आणि थांबलं. वरचा काटा सरळ उभा राहिला.

अण्णांनी बोट उचललं. "बस," ते म्हणाले. "बरोबर." आणि घागरीवर मान टाकली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाळगोंडांनी अण्णांना घागरीसकट उचललं. स्ट्रेचर पसरलेलं होतं, पण मी ओरडत होते, "आडवं नको, बसवा, बसलेलंच राहू दे!" हार घातलेली अँब्युलन्स सुटली, पुढच्या काचेवर झेंडू आपटत होता आणि मुजावरमामा एका हातानं तो तोडून बाहेर फेकत होते. मागे मी, टेकून बसवलेले अण्णा आणि अक्काताई. घागर अजून अण्णांच्या मांडीत होती. ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

रक्तदाब अठ्ठ्याहत्तर. माझ्या डोक्यात एकच घोकणी चालू होती: पाणी, पाणी, सात लिटर पाणी. बॅगेत पाणी उतरवणारं इंजेक्शन होतं. मी ते फोडलं, सिरिंजमध्ये भरलं, आणि दुसऱ्या हातानं हॉस्पिटलला फोन लावला. सर्जन लाइनवर आले. मी सगळं एका दमात सांगितलं.

"हातात काय आहे तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"लॅसिक्स."

"खाली ठेव."

"पण सर, सात किलो पाणी—"

"ते पाणी नंतर बघू. हृदय दाबलं गेलंय, त्याला आत रक्त मिळत नाहीये. उरलंसुरलं तू लघवीवाटे काढून टाकलंस तर ते रिकामंच धडधडेल. सलाइन चालू ठेव, जरा जोरात सोड. आडवं करू नकोस. जिभेखालची गोळी देऊ नकोस."

"ती मी काढली सर. तोंडातून."

"तोंडातून? शाब्बास. सरळ थिएटरच्या दाराशी आण, मी हात धुतोय."

सिरिंज मी खाली ठेवली. रिकामा झालेला हात अण्णांच्या नाडीवर ठेवला, कामात दिसावा म्हणून. साखर कारखान्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. मामांनी गाडी शेताच्या कडेनं घातली. अण्णांची मान एकदा घरंगळली, मी गालावर मारलं, हाका मारल्या, त्यांनी डोळे उघडले.

अक्काताई आता हळूच बोलल्या. रागानं नाही, अगदी साधेपणानं.

"डाक्टरीणबाई, पाच दिसामागं तुमी घरी आला हुता न्हवं. तवा मी इचारलं हुतं."

मी सलाइनच्या थेंबांकडे बघितलं.

"मी म्हणलं, ह्या कारडावर वजन लिवायचं आलंय, पर गुरव नको म्हणत्यात. तवा तुमी म्हणला, 'बरं, तुलेनंतर मोजा.' मला लई बरं वाटलं. म्हणलं, डाक्टरच म्हणत्यात."

आता ते सांगायलाच हवं. पाच दिवसांपूर्वी मी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून कांदेपोहे खाल्ले होते. रक्तदाब तपासला होता, तो बरा होता. कोरे रकाने बघितले होते. अण्णांच्या पायात जावयाच्या चपला होत्या, कारण स्वतःच्या बसत नव्हत्या, आणि त्यावर आम्ही सगळे मनसोक्त हसलो होतो. गावात माझ्याबद्दल चांगलं बोललं जात होतं: नवी डॉक्टरीण साधी आहे, शिकल्याचा तोरा नाही, आपलं ऐकते. ते ऐकायला मला फार आवडायचं. कुणाचा देव दुखवायचा नव्हता. म्हणून मी दुसरा चहा घेतला आणि म्हणाले, बरं, तुलेनंतर मोजा.

अण्णांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

थिएटरच्या दारात अण्णांना आत घेतलं तेव्हा नर्सनं घागर माझ्या हातात दिली. ती घेऊन मी पाऊण तास बाकावर बसले होते. मग सर्जन बाहेर आले, म्हणाले, "पिशवीतून सव्वा लिटर रक्त निघालं. सुई आत गेली आणि प्रेशर सरळ वर. अजून वीस मिनिटं उशीर झाला असता तर नसतं जमलं." माझ्या मांडीकडे बघून त्यांनी विचारलं, "ही घागर कशाला?"

"धड्याला," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

अण्णा पंधरा दिवसांनी घरी आले, साठ किलोचे. आणि मग जे व्हायचं तेच झालं. गावानं माझी तुला ठरवली. मी नाही म्हटलं तर तो विनय ठरला. बाळगोंडा पाटलांनी आपल्या गुऱ्हाळातला चोपन्न किलो गूळ दिला, सदा गुरवांनी मुहूर्त काढला, सर्जेरावांनी पुन्हा अँब्युलन्सला हार घातला. काटा धरायला स्वतः अण्णा उभे राहिले, हातात काठी, अंगावर धुतलेला सदरा.

मी त्या पारड्यात बसले. माझं पारडं एका दमात उचललं. हलगी वाजली, टाळ्या पडल्या, बायकांनी ओवाळलं. 'पोरीनं देवागत काम केलं,' असं कुणीतरी म्हणालं, आणि मला ते सहन होईना.

"अण्णा," मी खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या सोप्यात मी—"

"पारड्यात बसल्यावर बोलू नये," अण्णा काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "काटा हलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"हॅलो?"

"साठ," अण्णांचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

तिसऱ्या दिवशी साठ. चौथ्या दिवशी साठ आणि पावशेर. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक आहे, आठवडाभर चालेल. अकरा वर्षं झाली. या काळात माझी तीनदा बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. बाळंतपणाच्या कळा चालू असताना साडेसहाला फोन वाजला, तो नवऱ्यानं घेतला आणि घाबरून मला म्हणाला, "कुणीतरी एकसष्ट म्हणून ठेवून दिलं." एकदा दोन दिवसांत दीड किलो वाढलं, तेव्हा मी काही विचारायच्या आत अण्णा स्वतःच म्हणाले, "उद्याला बगू, न्हाईतर येतो." दुसऱ्या दिवशी उतरलं. तेवढंच काय ते लांबलेलं बोलणं. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. काही सकाळी त्या आकड्यानं मला धीर यायचा, काही सकाळी तो थपडेसारखा बसायचा, पण विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या दिवाळीत झाली. फोन उचलला आणि त्यांनी आकडा सांगायच्या आत मी म्हणाले, "अण्णा, ठेवू नका. एक सांगा. मला रोज का कळवता? माझ्यावर राग आहे का?"

पलीकडे मागे अक्काताईंच्या बांगड्या वाजल्या, चुलीवर काहीतरी चरचरलं.

"राग कसला, डाक्टरीणबाई?" अण्णा म्हणाले. "तुमीच सांगटलं हुतं न्हवं, तुलेनंतर मोजा म्हणून. तुला झाली. मोजतोय." मग नेहमीच्या आवाजात, "साठ."

"बरं," मी म्हणाले. सोप्यातही मी असंच बरं म्हणाले होते.